निरगुडीची काठी वर्षावासाला बसते

डोंगरातल्या लेण्यांमध्ये भिक्खू राहत असत, त्या काळची ही गोष्ट. भन्ते शीलपालांनी निरगुडीची एक हिरवी काठी नुकतीच तोडून घेतली होती. गावोगाव फिरायला मिळणार म्हणून काठी हरखून गेली. पण दोन गावं होतात न होतात तोच आषाढ पौर्णिमा आली. पावसाळाभर एका जागी राहायचं, असा भिक्खूंचा नियम. भन्तेंनी लेण्याबाहेरच्या चिखलात काठी रोवली आणि ते वर्षावासाला आत बसले.

“आता आश्विनापर्यंत असंच ताटकळायचं?” काठी चडफडली. “चांगले धडधाकट पाय आहेत भन्तेंना!”

खालून एक गोगलगाय चालली होती. ती म्हणाली, “बाई, आमचे फिरायचे दिवस हेच. भन्ते बसतात, म्हणून आम्हाला सुखानं चालता येतं.”

काठीनं खाली पाहिलं. गवतातून मुंग्या, गांडुळं, इवलेसे खेकडे, सगळे कुठे ना कुठे निघाले होते. आपण चाललो असतो, तर आपलंच टोक यांच्यावर पडलं असतं! मग काठी येणारेजाणारे बघू लागली आणि बघता बघता रमली.

आश्विन पौर्णिमेनंतर भन्ते काठी उपटायला वाकले आणि हसतच सुटले. काठीनं मुळं धरली होती, वर पानं फुटली होती.

“तू तर माझ्यापेक्षा पक्की बसलीस गं!” असं म्हणून ते मोकळ्या हातांनी डोंगर उतरले.

“अगं, तुझी गावं बघायची राहिली ना?” गोगलगायीनं विचारलं.

“थांब गं जरा,” काठी म्हणाली, “हे एवढं पान उघडू दे.”