ठमीची झोपायची जागा

अंथरुणं-पांघरुणं आपसात बोलत असत, तेव्हाची गोष्ट. वच्छीकाकूंकडे एक मखमली दुलई होती आणि एक विटकी गोधडी. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण त्या दुपारी येणार होती.

"आज तू चाललीस गं बाई," दुलई म्हणाली. गोधडी धास्तावली.

तेवढ्यात ठमी मांजर झोपायला जागा शोधत आली.

"ये ना माझ्यावर," दुलई म्हणाली. "फक्त पाय पुसून ये. नखं आत ठेव. आणि केस गाळायचे नाहीत हं."

ठमीने सगळं ऐकून घेतलं आणि ती गोधडीकडे वळली. "तुझं काय म्हणणं?"

"माझं? झोप की."

बोहारीण आली. काकू गोधडी उचलायला वाकल्या, तर ठमी तिच्यावर अंगाचं वेटोळं करून घुरघुरत होती.

"झोपलेल्या जिवाला कुठे उठवू?" म्हणत काकू मागे सरल्या.

"मग ती दुलई द्या," बोहारीण म्हणाली. "नवीकोरी दिसतेय. कुणी वापरत नाही वाटतं?"

"तिला हात लावायचीच भीती वाटते," काकू म्हणाल्या. "मोठं पातेलं देशील ना?"