रुतणारा पट्टा

“तिला गिटारचा पट्टा तुम्ही स्वतः शिवून दिलात. मग मला का नाही?”

सिप्रियन मास्तरांच्या ओट्यावर उभ्या उभ्याच नेव्हिलने विचारलं. बस म्हटलं तरी तो बसला नाही.

मास्तर केळीच्या खोडाचं वाळलेलं सोपट फाडून त्याच्या दोऱ्या करत होते. त्यांनी एकदा वर बघितलं, आणि पुन्हा सोपट फाडायला लागले.

वसईकडच्या त्या गावात गिटार शिकायची तर ती मास्तरांकडेच. चर्चच्या गायनवृंदात त्यांची हयात गेली होती. बोलणं कमी, आणि शिकवणी संपली की प्रत्येकाच्या हातावर घरचं एक सुकेळं. उन्हात वाळवलेलं, सुक्या पानात बांधलेलं ते गोड केळं मास्तरांच्या हातून दोन्ही हातांनी घ्यायचं, ही तिथली रीत. कुणी शिकवलेली नव्हती, पण सगळे पाळायचे.

नेव्हिल त्यांचा सगळ्यात तयार शिष्य. हे मास्तरांना ठाऊक होतं, गावाला ठाऊक होतं, आणि नेव्हिलला तर जरा जास्तच ठाऊक होतं.

रविवारी गावचा सण. सणाच्या मिस्साला, चर्चमधल्या मोठ्या प्रार्थनेला, सगळ्यांच्या पुढे उभं राहून गिटार कोण वाजवणार, ते मास्तर ठरवायचे. यंदा त्यांनी ठरवलंच नव्हतं. नेव्हिलला एवढंच म्हणाले होते, तुझा पट्टा सापडला की ये, मग बघू.

सापडला तर ना. उभं राहून वाजवायला लागला की नेव्हिलचा डावा खांदा भरून यायचा. गळ्यातला पट्टा रुतायचा. एक गाणं निभावायचं, दुसऱ्याला बोटं बधिर. आणि सणाची मिस्सा काही दोन गाण्यांत आटपत नाही.

त्याने हातातली पिशवी ओट्यावर उलटी केली. पट्ट्यांचा ढीग पडला. एक कातड्याचा, एक स्पंज घातलेला, एक चुलतभावाने आखातातून पाठवलेला, पंजाएवढा रुंद.

“हे सगळे घालून झाले. आता तुम्हीच सांगा.”

मास्तरांनी सोपट बाजूला ठेवलं. उठून एकेक पट्टा त्याच्या गिटारला लावला, त्याच्या गळ्यात घातला, वरखाली केला.

“हा?”

“कापतो.”

“हा?”

“घसरतो.”

शेवटी तो कातड्याचा.

“आणि हा?”

“रुततो. तुम्हाला सांगितलं ना आधी.”

“खांदा आहे की गळू?” मास्तर म्हणाले.

नेव्हिलला हसू आलं नाही. त्याची कानशिलं तापली. काल तालमीनंतर सेरीनानेही असंच काहीतरी ऐकवलं होतं. दादा, गिटार काही पळून जात नाही, म्हणाली होती, आणि पोरी खिदळल्या होत्या. आत्ता कुठे शिकायला आलेली मुलगी. तिचे सूर अजून डगमगतात. आणि तिच्या गळ्यात मास्तरांनी स्वतःच्या हाताने पट्टा घातला. तोही कसला, तर मास्तरांच्या वारलेल्या बायकोच्या, मावशींच्या लुगड्याचा काठ कापून शिवलेला. अख्ख्या गावाला माहीत होतं, मावशींच्या लुगड्यांना मास्तर कुणाला हात लावू देत नाहीत.

आणि कधी दिला? तिच्या बेशिस्तीच्या दिवशी. शिकवणी संपल्यावर ती गिटार तशीच गळ्यात लोंबकळत ठेवून, दोन्ही हातांनी सुकेळ्याचं पान सोलत, चवीने खात उभी होती. मास्तर बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. नेव्हिलला वाटलं, आता बोलणी खाणार. तर ते आत गेले आणि लुगडं घेऊन बाहेर आले.

हा न्याय होता?

“मास्तर, मी कधी वाद्याचा अपमान केला नाही,” नेव्हिल म्हणाला. “ती गिटार लोंबत ठेवते. मी एक क्षण सोडत नाही. तरी पट्टा तिला. पुढे उभं पण तिलाच करायचं असेल, तर तोंडावर सांगा. मला हे पट्टे शोधत फिरवू नका.”

मास्तर घरात गेले.

…

नेव्हिल ओट्यावर एकटाच उभा राहिला. गळ्यात कातड्याचा पट्टा, डाव्या मुठीत गिटारची मान. खांद्यातली कळ आता मानेपर्यंत चढली होती.

मास्तर बाहेर आले ते हातात एक सुकेळं घेऊन. त्यांनी ते त्याच्यापुढे धरलं.

“मला केळं नको आहे, मास्तर. पट्टा हवा आहे.”

हात तसाच पुढे.

गुरूचा पुढे केलेला हात रिकामा परतवणं काही नेव्हिलच्याने झालं नाही. रागारागाने त्याने उजवा हात पुढे केला.

मास्तरांनी सुकेळं सोडलं नाही.

“दुसरा?”

“दुसऱ्याने गिटार धरली आहे.”

“का?”

“पडेल.”

“मग गळ्यातला पट्टा काय करतोय?”

नेव्हिलचा बांध फुटला.

“तुम्ही हे विचारता? तुम्ही होतात तिथे.”

गेल्या सणाला, मिस्साच्या पहिल्याच गाण्याला, पट्ट्याचं भोक सैल होऊन बटणावरून निसटलं होतं आणि गिटार वेदीच्या पायरीवर आदळली होती. फादर बोलायचे थांबले. मागे कुणीतरी फिसकन हसलं. गिटारचं चिरलेलं लाकूड मास्तरांनीच सरस लावून सांधलं. तो पट्टा नेव्हिलने त्याच दिवशी चुलीत घातला. त्यानंतर त्याचा डावा हात गिटारच्या मानेवरून हलला नव्हता. वाजवताना नाही, थांबल्यावर नाही. वर्षभर मास्तरांचं सुकेळं तो एका हाताने घेत आला होता. वाद्य जपतोय म्हटल्यावर रीत मोडली तरी चालते, अशी त्याची समजूत होती. उलट मास्तरांना कौतुकच वाटत असेल.

“सगळं गाव हसलं,” तो म्हणाला. “तुम्ही बघितलंत.”

“बघितलं.”

“मग?”

…

मास्तरांचा हात अजून पुढेच होता. म्हातारा हात. सुक्या पानात बांधलेलं सुकेळं त्यांच्या बोटांत हलत होतं.

“दोन्ही हातांनी घे,” ते म्हणाले.

“नाही.”

मास्तरांनी बोटं उघडली.

अन्न पायाशी पडू द्यायचं नाही, हे नेव्हिलच्या अंगात बोलायला शिकण्याआधीपासून भिनलेलं. त्याला काही कळायच्या आत त्याचे दोन्ही हात झेपावले. सुकेळं जमिनीपासून वीतभर वर, त्याच्या ओंजळीत आलं.

तो वाकलेला होता. हळूहळू सरळ झाला. मग त्याला गिटारची आठवण झाली.

ती त्याच्या पोटाशी होती. मान किंचित कललेली, एकदा डुलली, आणि थांबली.

…

नेव्हिल हलला नाही. हलायचं धाडस झालं नाही. श्वास सोडला तेव्हा त्याचा डावा खांदा खाली उतरला. इतका वेळ तो कानाशी चढून बसला होता, हे तो उतरल्यावर कळलं. कातड्याचा पट्टा जिथे होता तिथेच होता. कापत नव्हता, रुतत नव्हता.

पण राग काही एवढ्यात जाणारा नव्हता. उलट तो जास्तच भडकला. वर्षभर या माणसाने बघितलं, आणि एक शब्द बोलला नाही.

“पडली असती म्हणजे?” तो म्हणाला. “पुन्हा फुटली असती म्हणजे?”

“पुन्हा सांधली असती.”

मास्तर खाली बसले. सोपट पुढ्यात ओढलं.

नेव्हिल ओंजळ तशीच धरून उभा होता. पायाशी बाकीचे पट्टे पडले होते. त्यातला एकही आता ओळखीचा वाटेना. त्याने विचारलं, आवाज अजून घुश्शातच होता, पण खालचा.

“मग रविवारी यातला कोणता घालून येऊ?”

मास्तरांनी दोरीला गाठ मारली. ओढून बघितली.

“ज्यात सुकेळं खाता येईल, तो.”