डावी सीट

एकदा एका हळदीच्या व्यापाऱ्याला वाऱ्याशी शर्यत लावणारी मोटार घ्यावीशी वाटली. व्यापाऱ्याचे नाव धनपाल. वय पन्नाशीच्या आत, प्रकृती ठणठणीत, आणि माल सात समुद्रांपलीकडे जाणारा. अशा माणसाला मोटार घेण्यात अवघड ते काय, असे तुम्ही म्हणाल. पण ही मोटार तयार मिळत नव्हती. आधी ती कशी हवी ते सांगायचे, मग कारखाना ती त्याच्या एकट्यासाठी घडवणार. आणि धनपालचा एक जुना नेम होता. मोठी खरेदी तो अण्णांना शेजारी बसवल्याशिवाय करीत नसे.

अण्णा म्हणजे पेठेतले सर्वांत वृद्ध अडते. धनपालला धंद्याचा ओनामा त्यांनीच शिकवला होता. त्यांच्या पेठेत पूर्वी सौदा तोंडाने होत नसे. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली हात घालीत आणि एकमेकांची बोटे दाबून भाव सांगत. भोवती शंभर माणसे उभी असली तरी कुणाला काही कळत नसे. ती पद्धत गेली, पण अण्णांच्या खांद्यावरचे उपरणे गेले नाही. शहरातल्या त्या काचेच्या दालनातही ते उपरणे घेऊनच आले आणि गार हवेत शिरताच त्यांनी ते कानांवरून गुंडाळून घेतले.

"आजोबा, एसी कमी करू का?" गाडी ठरवून देणाऱ्या मुलीने विचारले. तिचे नाव मृणाल.

"राहू दे, बाळ. गाडी तापट आहे म्हणतात, तिला गार लागत असेल."

धनपाल मोठ्याने हसला. समोर भिंतीएवढ्या पडद्यावर त्याची न जन्मलेली गाडी सावकाश गिरक्या घेत होती. मृणालने रंग विचारताच त्याने खिशातून एक हळकुंड काढले, कानाजवळ धरून कट्कन मोडले आणि मोडलेली बाजू तिच्यापुढे केली.

"हा रंग. आतला. बाहेरचा नव्हे."

मृणाल क्षणभर बघत राहिली. मग म्हणाली, "सर, लोक लिपस्टिक आणतात, साडीचा तुकडा आणतात. हळद पहिल्यांदा आली."

"आली ना? आता ऐका. हे मोडताना जो आवाज झाला, तो चांगल्या मालाचा. घणघणीत. आमचा दादा डोळे मिटून नुसत्या आवाजावर भाव करायचा. सायलेन्सरसुद्धा तसा खणखणीत पाहिजे."

दादा म्हणजे धनपालचा थोरला भाऊ, भूपाल. वडील लवकर गेले, तेव्हा पेठेतले दुकान त्यानेच सांभाळले आणि धाकट्याला वाढवले. बनियन घालून गादीवर बसायचा, माल घेऊन येणाऱ्याला आधी चहा पाजायचा आणि मग शिव्या घालायचा. "अरे भामट्या, ओली हळद माझ्या गळ्यात मारतोस?" ज्याला त्याच्या शिव्या मिळत, तो निर्धास्त असे. कारण दादाची एक रीत साऱ्या पेठेला ठाऊक होती. एखाद्याने फसवले, आणि पुन्हा त्याच्या मालाला हात लावायचा नाही असे दादाने मनाशी ठरवले, की तो त्याच्याशी भांडत नसे. एकदम आदराने बोलू लागे. 'अहो'. 'यावं, बसावं'. 'बघू की, कळवा'. दादाच्या तोंडून 'अहो' ऐकलेला माणूस पायरी उतरताना समजून जाई की हे दार आपल्याला बंद झाले.

गेल्या पाडव्याला धनपालने ते दुकान बंद केले होते. गावाबाहेर त्याचा नवा कारखाना उभा राहिला होता. परदेशी गिऱ्हाइके येत, त्यांना बनियनवाला मालक दाखवणे बरे दिसेना. त्याने दादाला सांगितले, "दादा, तू दमलास. आता आराम कर." दादाने गादीच्या चादरीची घडी स्वतः घातली आणि तो नदीकाठच्या मळ्यात राहायला गेला. तेव्हापासून दोघांची भेट नव्हती. कामाच्या रगाड्यात राहून गेले, असे धनपाल स्वतःला सांगत असे.

तर, रंग ठरला, आवाज ठरला. मग मृणालने वजनाचा विषय काढला.

"सर, एक पॅकेज आहे. त्यात गाडीचं वजन उतरवतात. काचा पातळ. रेडिओ काढतात. दाराला आतून हँडलऐवजी कापडी पट्टी. खालची जाड चटई जाते. गाडी हलकी झाली की पळते."

"म्हणजे स्वस्त पडत असेल?"

"नाही सर, महाग पडते."

धनपालने मांडीवर थाप मारली. "अण्णा, ऐकलंत? वस्तू काढून घ्यायच्या आणि वर पैसे मागायचे! आपण उगाच हळद विकत बसलो. मृणाल, घाला हे पॅकेज. अहो, अण्णांचीच शिकवण आहे. जे हलत नाही ते गोदामात ठेवू नये. जागाही जाते आणि लक्षही जातं. मी त्याच एका वाक्यावर कारखाना उभा केला."

अण्णा उपरण्याच्या टोकाशी चाळा करीत होते. त्यांनी मान हलवली, पण होकाराची की नकाराची, ते कळले नाही.

"अजून एक," मृणाल म्हणाली. "पुढचं नाक उचलण्याची सोय. गाडी जमिनीला फार लगटून असते. खडबडीत वाटेवर बटण दाबलं की पुढची बाजू वर उचलली जाते. फक्त त्यानं वजन थोडं वाढतं."

"नको. खडबडीत वाटेला आपलं काय काम?"

अण्णांनी पहिल्यांदाच विचारले, "मळ्याच्या वाटेनं जाईल का रे ही?"

"मळ्यात कशाला न्यायची, अण्णा? ती का बैलगाडी आहे?"

धनपालचा हात आता चांगलाच चालला होता. हे काढा, ते उतरवा. प्रत्येक वेळी पडद्याच्या कोपऱ्यातला वजनाचा आकडा खाली येई आणि त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडे. शेवटी सीटांची पाळी आली. स्वतःसाठी त्याने कातळासारखी कडक, पातळ सीट घेतली.

"आणि डावीकडची?"

"ती रुंद हवी. मऊ. पाठ शेकणारी असते ना, तसली."

"सर, ती खूप जड असते. इतकं सगळं काढून मग…"

"असू दे जड," धनपालचा आवाज जरा खाली आला. "तिथं आमचा दादा बसणार. त्याची कंबर धरते. आमच्या घरात पहिल्या सायकलीपासून आजवर जे वाहन आलं, त्याचा नारळ दादानं फोडला आणि देवळापर्यंतच्या पहिल्या फेरीला तोच बसला. सायकल मी चालवत होतो, हा पुढे दांडीवर! एवढा थोराड माणूस दांडीवर! सगळी पेठ हसत होती."

मृणालही हसली. तिने मऊ सीट बसवली, आणि वजनाचा आकडा पुन्हा वर चढला. तेवढ्यात अण्णांनी कानावरचे उपरणे सोडले, पुढे सरकून धनपालच्या हातावर टाकले आणि त्याखाली त्याचा पंजा आपल्या हातात घेतला. कैक वर्षांनी त्याच्या हाताला तो खरखरीत स्पर्श झाला. अण्णांनी त्याचे एक बोट घट्ट दाबले. फक्त एक.

धनपालला वाटले, म्हातारा भाव पाडायला सांगतोय. तो कुजबुजला, "अण्णा, इथं घासाघीस चालत नाही."

"मी भाव सांगत नाही. सीट सांगतोय. एकच घे. दुसरी काढून टाक."

"आणि दादा?"

उपरण्याखालचा हात अण्णांनी सोडला नाही. ते म्हणाले, "धनपाल, मी तुला शिकवलं ते मालाबद्दल. पोत्याला गोदामातून उचललं तर पोत्याला कळत नाही. माणसाला कळतं. तू त्याला आराम कर म्हणालास. त्यानं काय ऐकलं, ते चादरीची घडी घालताना मी पाहिलंय. तिथं मी होतो, तू फोनवर होतास. वेगानं पळायचं तर वजन काढावं लागतं, हे खरं. पण ही पोरगी सांगते तशी गाडी शर्यतीची असते, आणि शर्यतीत माणूस एकटा बसतो. तू एकटं पळायचं गेल्या पाडव्यालाच ठरवलंस. मग ही मऊ सीट कुणासाठी? त्याच्या कमरेसाठी की तुझ्या मनासाठी?"

धनपालचा चेहरा लाल झाला. "तुम्ही काहीही बोलताय, अण्णा. तो माझा भाऊ आहे. रागावला असेल चार दिवस. नारळाला येणार म्हणजे येणार."

"मग विचार की. फोन लाव."

त्याने तिथेच फोन लावला आणि अण्णांना ऐकू यावा म्हणून आवाज मोठा केला. पलीकडे मोटारपंपाची धडधड होती. ती थांबली.

"दादा, मी बोलतोय!"

"बोला शेठ. बरं हाय न्हवं? घरची मंडळी बरी?"

"शेठ काय म्हणतोस? धन्या म्हण की."

"तसं कसं? आता तुमचा केवढा पसारा. काय काम काढलंत?"

"दादा, गाडी घेतोय. हळकुंडाच्या रंगाची. तुझ्यासाठी मऊ सीट सांगतोय, पाठ शेकणारी. नारळ तूच फोडायचा."

"वा, वा. चांगलं केलंत." आवाज मायाळू होता. कुठेही ओरखडा नव्हता. "बघू की. दिवस ठरला की कळवा. जमलं तर येतो."

"दादा, मला शिव्या घाल हवं तर…"

"छे, छे. शिव्या कशाला? अहो, तुम्ही सुखात ऱ्हावा. ठेवतो, पाणी तुंबलंय."

पंपाची धडधड पुन्हा सुरू झाली आणि फोन बंद होताच तीही थांबली. मृणाल पडद्याकडे तोंड करून उभी राहिली होती. पडद्यावर ती हळदी रंगाची गाडी गिरकी घेतच होती. तिने हलकेच विचारले, "सर, डावी सीट ठेवू की काढू?"

"ठेवा," धनपाल म्हणाला. अण्णांनी उपरणे उचलून पुन्हा कानांवरून घेतले.

गाडी आली तेव्हा मळ्यामळ्यात हळद शिजत होती आणि साऱ्या शिवारात तिचा वास भरला होता. धनपालने दिवस कळवला होता. दादा आला नाही. कारखान्याच्या अंगणात चाकांखाली लिंबे ठेवली गेली, नारळ धनपालने स्वतःच फोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने पेढ्यांचे खोके, हार, नारळाची वाटी असे सगळे डाव्या सीटवर ठेवले आणि गाडी सुरू केली. आवाज खरोखरच चोख हळकुंडासारखा होता. पण त्याच्या आत आणखी एक आवाज येऊ लागला. टिंग, टिंग, टिंग. थांबेना.

"साहेब," खिडकीशी वाकून मॅनेजर म्हणाला, "डाव्या सीटवर वजन आहे. कुणीतरी बसलंय असं वाटतंय गाडीला. पट्टा लावा, बंद होईल."

धनपालने हात लांब करून तो पट्टा ओढला, पेढ्यांच्या खोक्यांवरून घेतला आणि खटक्यात अडकवला. गाडी गप्प झाली. दाराशी उभ्या असलेल्या अण्णांकडे त्याने एकदा पाहिले. मग देवळाच्या बाजूला न वळता तो नदीच्या रस्त्याला लागला.

मळ्याच्या फाट्यावर मात्र थांबावे लागले. पुढे गाडीवाट होती, दोन्ही बाजूंना चाकोऱ्या आणि मधे उंचवटा. बैलगाडी गेली असती, जुनी जीपही गेली असती. ही गाडी पहिल्याच उंचवट्याला पोटावर टेकली असती. नाक उचलणारे बटण त्याने घेतले नव्हते. पलीकडे वाफा निघत होत्या आणि त्या वाफांत बनियन घातलेला दादा हळद शिजवायच्या मोठ्या काहिलीशी उभा दिसत होता. गाडीचा आवाज ऐकून त्याने वळून पाहिले.

धनपाल खाली उतरला. पट्ट्यातून एक खोका सोडवला आणि चाकोरीतून चालू लागला. बूट मातीत रुतत होते. वाटेत त्याने मनाशी ठरवले, पहिला शब्द शिवीचा येऊ दे, दुसरे काही नको. 'भामट्या' म्हण. 'हरामखोरा' म्हण.

दादाने हात बनियनला पुसले, चार पावले पुढे आला आणि दोन्ही हात जोडले.

"यावं शेठ, यावं. अहो, बसावं. कुणीतरी खुर्ची आणा रे. शेठ मातीत उभे हायत."

एका मजुराने घरातून खुर्ची आणली. प्लास्टिकची, पुसून. धनपाल तिच्यावर बसला. भोवती पोती पडली होती, त्यांवर दादा आणि मजूर बसले. लहानपणी या पोत्यांवर दादाच्या पाठीला पाठ लावून तो झोपत असे. आता पोत्यावर बसायला त्याला कुणी सांगितले नाही, आणि आपण होऊन बसण्याचा हक्क आपला उरला आहे का, हेही त्याला कळेना. दादाने पेढा घेतला, कपाळाला लावला, "फार छान" म्हणाला. चहा आला. पाहुण्याला देतात तसा कपबशीतून आला.

धनपालच्या उजव्या हाताचे एक बोट दुखल्यासारखे झाले. अण्णांनी दाबलेले तेच ते. अण्णांनी सांगितलेली ती एकच सीट म्हणजे केवढे एकटेपण, हे त्याला आता कळले.

आपल्या आयुष्यातून काय काय उतरवले म्हणजे आपण वेगाने पळू, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण ज्याच्या तोंडात आपण कालपर्यंत 'अरे' होतो, त्याच्या तोंडात आज 'अहो' झालो आहोत का, एवढे मात्र ज्याचे त्याने वेळीच ऐकावे.