हैबतीने यादी लवकर काढली

एका गावात दूध संघ होता, संघात एक संगणक होता, आणि त्या संगणकापुढे एक भोळा माणूस बसवलेला होता. नाव हैबती. कुठले कॅन कुठल्या गाडीत चढवायचे, याची यादी संगणकातून निघायची. निघायची म्हणजे काय, रडतखडत दोन तासांनी निघायची. तोवर गाड्या उन्हात उभ्या. दूध नासायचं.

अध्यक्ष तात्यासाहेब कडाडले, "आठ दिवस देतो! यादी लवकर निघाली नाही तर हैबत्या, तू गोठ्यावर, शेण काढायला!"

संगणकातलं कळणारं संघात एकच माणूस, ओगले मॅडम. हैबती त्यांच्याकडे पळाला.

मॅडम म्हणाल्या, "अंदाजाने हात घालू नकोस. आधी ट्रेस लाव. तो प्रोग्रामच्या मागे मागे फिरतो आणि कुठल्या कामाला किती वेळ लागला ते लिहून ठेवतो."

"बरं," म्हणाला हैबती. ट्रेस लावला आणि घरी गेला. तीन दिवसांत नोंदींनी डिस्क गच्च भरली. संगणक आडवा.

"अरे देवा!" मॅडम ओरडल्या. "काम झालं की बंद करायचं!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी दूध गार करायच्या यंत्राजवळून जाताना त्याने टाकीला हात लावून बघितला. दूध मस्त गार झालं होतं. म्हणजे काम झालं. केलं बंद! दुपारपर्यंत अख्ख्या टाकीचं दही.

मॅडमनी कपाळावर हात मारला, पण नोंदी वाचायला बसल्या. "हे बघ, तुझा प्रोग्राम एकेका शेतकऱ्यासाठी डेटाबेसकडे हेलपाटे घालतोय. रोज नऊ हजार हेलपाटे! एकाच फेरीत सगळं आणायचं."

"बरं."

सकाळी मॅडम आल्या तर टेबलावर बावीस कप चहा. "दिवसभराचा आहे," हैबती म्हणाला. "एकाच फेरीत आणला."

शेवटी हेलपाटे मॅडमनीच दुरुस्त केले. तरी यादीला वीस मिनिटं लागत होती. "आता बारीकसारीक सोड. सगळ्यात जास्त वेळ कोण खातंय ते शोध, आणि त्याला आधी काढ."

"बरं."

पण यावेळी मॅडम त्याच्या शेजारीच बसल्या, म्हणून निभावलं. एक नाव सापडायला प्रोग्राम अख्खं रजिस्टर चाळत होता. मॅडमनी नावांची सूची लावून दिली. यादी अर्ध्या मिनिटात!

आठवा दिवस उजाडला. तात्यासाहेब दोन संचालकांना घेऊन बघायला आले. यादी अर्ध्या मिनिटात निघाली, गाडी भरून उभी. ऊन चढलेलं. "गाडी सोडण्याआधी दोन शब्द बोलतो," ते म्हणाले आणि आपला मोबाईल हैबतीकडे दिला. "शूटिंग घे रे."

दोन शब्द काही संपेनात. मॅडम आत फोनवर होत्या. हैबती एका हाताने शूटिंग घेत होता, दुसऱ्या हाताने वहीत वेळ लिहीत होता.

थोड्या वेळाने मॅडम बाहेर आल्या. अंगण मोकळं. गाडी नाही, अध्यक्ष नाहीत.

"गाडी गेली?"

"वेळेवर गेली, मॅडम! एक थेंब नासला नाही."

"आणि तात्यासाहेब?"

हैबतीने वही पुढे केली. यादी, अर्धा मिनिट. तात्यासाहेब, एक्केचाळीस मिनिटं. "सगळ्यात जास्त वेळ तेच खात होते. म्हणून आधी त्यांना काढलं."

"काढलं म्हणजे?"

"म्हटलं, गाडीत कॅनच्या मधे उभे राहा, फोटो छान येईल. चढले लगेच. मग यादीत लिहिलं, कॅन चाळीस, अध्यक्ष एक, संचालक दोन. गाडीचा मागचा फाळका लावला. ड्रायव्हर यादीप्रमाणे घेऊन गेला. हेलपाटे नकोत म्हणून तिघांना एकाच फेरीत धाडलं." मग हळूच विचारलं, "मॅडम, आता गोठ्यावर नाही ना जावं लागणार?"

मॅडम किंचाळल्या, "अरे, त्यांना फोन लाव आधी!"

हैबतीने खिशातून तात्यासाहेबांचा मोबाईल काढून दाखवला.

"लागणार नाही, मॅडम. शूटिंगचं काम झालं, मी तो बंद केला."