आत्याने विसरलेलं नाव

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून गुपचूप कान देणाऱ्या मोठ्यांनो, गोष्ट खूप जुनी आहे. डोंगराआडच्या एका गावात तेव्हा एक रीत होती. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं. पुढे त्याचं लग्न झालं, की नव्या नवरीला उंबऱ्यावर ते नाव सांगायचं तेही तिनंच. मग नवरीनं उखाण्यात नाव घ्यायचं, तांदळाचं माप लवंडायचं आणि घरात यायचं.

त्या गावात एक आत्या राहायची. भाऊ-भावजय लवकर गेले, म्हणून भाच्याला तिनंच वाढवलं. पोरगा गुणी होता, पण उंची काही वाढेना. एकदा ती लाडानं म्हणाली, "माझा टिल्लू गं बाई." शेजारणीनं ते उचललं, शेजारणीच्या पोरांनी उचललं आणि बघता बघता अख्ख्या गावाच्या तोंडी तेच बसलं. "टिल्लू, फडताळावरचा डबा काढून दे," म्हणायचं आणि पोट धरून हसायचं. तोही हसायचा. "त्याला काही वाटत नाही हो," असं आत्या कौतुकानं सांगायची.

यथावकाश त्याचं लग्न झालं. नवरी उंबऱ्याशी आली. आत्या म्हणाली, "नाव घे सूनबाई. टिल्लू."

बायका फिस्सकन हसल्या. नवरी हसली नाही.

"आत्याबाई, ते बुटके आहेत हे मला दिसतंच आहे," ती म्हणाली. "मला त्यांचं नाव सांगा. गावानं हसण्यासाठी ठेवलेलं नाव देवापुढे घेऊन मी या घरात यायची नाही."

आत्यानं सांगायला तोंड उघडलं, पण नाव आठवेना. तिनं बायकांकडे पाहिलं, म्हाताऱ्यांकडे पाहिलं. कुणालाच ते आठवत नव्हतं. ऊन उतरलं. नवरीचा भाऊ हळूच म्हणाला, "ताई, गाडी वळवू का?"

आत्या मटकन पायरीवर बसली. ज्या तोंडानं नाव दिलं, त्याच तोंडानं ते पुसलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हा भाचा जवळ आला. बारशाला तिनं त्याच्या कानात सांगितलं होतं, तसं त्यानं आज तिच्या कानात आपलं नाव सांगितलं.

"आईनं जाताना सांगून ठेवलं होतं," तो म्हणाला.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस? तू तर हसायचास."

"हसलो नसतो, तर तुम्ही सगळे जास्तच म्हणाला असता, आत्या."

आत्यानं डोळे पुसले, ती उभी राहिली आणि तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं नाव सांगितलं. नवरीनं उखाणा घेतला :

"देवापुढे समई, तिची ज्योत राहो अखंड,
उंबरा ओलांडते मी, माझे धनी मार्तंड."

पुढेही सवयीनं कुणी टिल्लू म्हणे. मार्तंड भांडायचा नाही, फक्त त्या हाकेला थांबायचा नाही. एकदा आत्याच चुकली, तर तो तसाच पुढे गेला. तिनं जीभ चावली, नावानं हाक मारली आणि तो लगेच मागे वळला.

तात्पर्य : माणूस हसून सोसतो म्हणजे त्याला लागत नाही असं नाही, ज्याला त्याला त्याच्या नावानंच हाक मारावी.