केरबानं पाखरांना दिलेलं आवतण

घोणसवाडीत केरबा नावाचा एक भोळा शेतकरी राहायचा. भोळा हा शब्द त्याच्या बायकोचा, हौसाबाईचा. गाव वेगळाच शब्द वापरायचं. नवराबायकोचं वर्षाचं पोट हरभरा, जोंधळा आणि शेडमधल्या रेशमाच्या किड्यांवर होतं.

हरभऱ्यावर अळी पडली. हौसाबाई म्हणाली, "शेतात काठ्या रोवा, पाखरं बसतील. खाली पिवळा भात टाका. भाताला येतील आन् आळ्याबी खातील."

केरबानं तसं केलं. साळुंक्या आल्या, अळ्या वेचू लागल्या. पाखरं पिकाचं भलं करतात, एवढं ज्ञान केरबाच्या पदरात पडलं. ज्ञान वाया घालवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्यानं लगेच जोंधळ्यातही काठ्या रोवल्या, भात टाकला. पाखरांनी भात तसाच ठेवला आणि कणसं खाल्ली.

"अहो, पाखरू दिसलं की गोफण फिरवायची," हौसाबाई म्हणाली.

"आधी सांगायचं न्हाई व्हय?"

दुसऱ्या दिवशी केरबानं हरभऱ्यातल्या पाखरांवर गोफण फिरवली. दिवसभर, उपाशीपोटी. पाखरं गेली, अळ्या बिनघोर जेवल्या. घाटे पोकळ झाले.

हौसाबाई बांधावर बसून रडली. "आता समदं किड्यांवर हाय. नीट ऐका. आळी दिसली की पाखरं बोलवायची. दाणा दिसला की हाकलायची. म्हणून दाखवा."

केरबानं तीनदा म्हणून दाखवलं. एकदाही चुकला नाही.

किडे चार दिवसांत कोष विणणार होते. हौसाबाई त्यांच्यासाठी तुतीचा पाला आणायला गेली. शेडचं सगळं तीच बघायची; केरबानं आज पहिल्यांदाच आत डोकावलं. बघतो तर पाल्यावर हजारो अळ्या. एवढी कीड त्यानं जन्मात पाहिली नव्हती. कुठं दाणा दिसतोय का, तेही त्यानं जबाबदारीनं तपासलं. दिसला नाही. मग त्यानं पाखरं आत येऊ नयेत म्हणून लावलेली शेडची जाळी सोडली, काठ्या रोवल्या आणि पिवळा भात टाकला.

हौसाबाई परतली, तेव्हा साळुंक्या काठ्यांवर अंग फुलवून बसल्या होत्या. तिच्या डोक्यावरचा भारा खाली पडला.

"एक आळी ठेवली न्हाई," केरबा म्हणाला.

तिनं दोन्ही हात डोक्याला लावले. बायको खूश झाली, असं केरबाला वाटलं.

"आन् सरपंचांच्याबी शेडमधी अशाच आळ्या हुत्या," तो म्हणाला. "शेजारधर्म म्हणून त्येंची जाळी आधी सोडली."