काठवटीतला पूल

पाहुणे, कमानीखाली बिनधास्त उभे राहा. हा दगडी पूल पडायचा नाही. ओढ्याच्या मधोमध एकही खांब नाही, बघितलंत? त्याची गोष्ट आमच्या निमखेड्यात अशी सांगतात.

फार पूर्वी भिवा पाथरवटानं इथं खांबांवर पूल बांधला. ओढ्याला पाणी आलं आणि पूल गेला. पुन्हा बांधला, पुन्हा गेला. मग गावातल्या जाणत्यांनी ठरवलं, ओढ्याला पोर हवंय. ज्याचा पूल पडतो, त्यानंच ते पुलाच्या पायात पुरायला द्यायचं. भिवाला एकच लेक, चिमा. त्यानं मान खाली घालून पाया खणायला घेतला म्हणे. त्याचा मला अजून राग येतो.

त्याची बायको सारजा मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीला घेऊन अंगणात बसली. लेकीबरोबर एकदा पोटभर खेळावं, एवढंच तिच्या मनात होतं. पीठ मळायची काठवट घेतली, तिच्यात चिखलाचे दोन काठ केले. ज्वारीच्या धांड्याच्या गाभ्याचे खांब रोवले, वर सालीच्या पट्ट्या आणि चिंचोके रचले. तांब्यानं पाणी सोडलं की पूल वाहून जायचा आणि चिमा खिदळायची.

एकदा चिमानं पट्टी लांब तोडली. खांब न लावताच ती दोन्ही काठांत दाबून बसवली, तर पट्टी वर फुगली. "चुकलं गं," म्हणत सारजा ती काढणार, तेवढ्यात चिमानं वर चिखलानं चिंचोके लिंपून तांब्या ओतला. पाणी खालून निघून गेलं. पूल जागचा हलला नाही.

सारजानं काठवट उचलली आणि थेट चावडीवर नेली. "घागरी आणा. हा पूल वाहिला तर लेक तुमची. न्हाई वाहिला, तर पायात ह्योच पुरायचा."

जाणत्यांनी स्वतःच्या हातानं घागरी ओतल्या. पूल राहिला. भिवानं तशीच दगडाची कमान बांधली आणि तिच्या पायात चिमाचं खेळणं ठेवलं. तेव्हा पायात खेळणं गेलं, लेक नाही, हे सगळ्यांनी ऐकावं म्हणून सारजानं लेकीला भर गर्दीत नावानं हाक मारली आणि घरी नेलं.

आजही निमखेड्यात कुणाचं घर उभं राहायचं असलं, की आधी पोरं ते काड्या-चिंचोक्यांचं बांधतात. त्यांचं मनासारखं होईपर्यंत गवंडी थांबतो. घाई केलेली आम्हांला चालत नाही. ते खेळणं पायाच्या खड्ड्यात ठेवलं, की आई पोराला नावानं हाक मारते आणि हात धरून घरी नेते.